मोहरी रंगाचं जाकीट

लग्नसराई सुरू झाली की आमच्या किनाऱ्यावरची माणसं वर्षातले सगळ्यात जास्त कपडे वर्षातल्या सगळ्यात गरम महिन्यात घालतात. एरवी बनियन आणि बर्म्युड्यात दिवस काढणारे, पाहुणा दारात आला की मगच शर्ट शोधणारे पुरुष वैशाखात कोट चढवतात. कोटाच्या आत जाकीट, जाकिटाच्या आत फुलबाह्यांचा शर्ट, त्याच्या आत बनियन, आणि सगळ्याच्या आत घामाने निथळणारा एक जीव. बायका निदान कुरकुर तरी करतात. पुरुष हसत उभे राहतात, कारण समोर फोटोवाला असतो.

यंदा आमच्या श्रीवर्धनच्या घरात पुतण्याचं लग्न होतं. सुपारीच्या वाडीत मांडवाचे बांबू येऊन पडले होते. पावसाळ्याची बेगमी आणि लग्नाची तयारी एकमेकींच्या पायात येत होत्या, आणि सासूबाई अंगणात पापड वाळत घालता घालता सगळ्यांवर एकदमच डाफरत होत्या. त्या गडबडीत पुतण्या मोबाइल पुढे करून माझ्यासमोर उभा राहिला. तो पुण्याला नोकरीला असतो, सणासुदीला येतो, त्यामुळे या घरात कुणासमोर काय काढायचं नाही हे त्याला माहीत नसतं. सूट नेव्ही ब्लू घेतलाय, म्हणाला, आतलं जाकीट त्याच रंगाचं घेऊ की कॉन्ट्रास्ट? मी म्हटलं, करडं घे, तुझ्या वर्णाला उठून दिसेल. टाय जाकिटाच्या रंगाची घेऊ नकोस. आणि जाकिटाचं सगळ्यात खालचं बटण उघडं ठेव, ते लावायचं नसतं. तो खूश झाला. काकू, तुम्हांला एवढं कसं माहीत, म्हणून विचारलं. मी पापडांवरचे कावळे हाकलायला उठले.

मला एवढं माहीत आहे, कारण माझ्या बाबांनी ते शिकून घेतलं होतं. ते शिकले त्या साली माझ्या माहेरी चैत्रापासून आम्ही जाकिटाबद्दल जितकं बोललो तितकं दुसऱ्या कशाबद्दलही बोललो नाही. दुसरं जे बोलायला हवं होतं ते कुणाच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून जाकीट बरं पडत होतं.

बाबा लाँचवर सारंग होते. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच हाकायची, धक्क्याला लावायची, परत आणायची, यात त्यांचा सगळा जन्म गेला. अंगात खाकी. घरी आले तरी खाकी, कारण दुसरी पँट काढायचा त्यांना कंटाळा. माझ्या लग्नात त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, त्याखाली खाकीच. माझ्या लग्नाच्या आल्बममध्ये ते माझ्याशेजारी असे उभे आहेत की आता पुढच्या क्षणाला "बसून घ्या, बसून घ्या" असं ओरडतील. कपड्यांची हौस त्यांना नव्हती असं आम्ही धरून चाललो होतो. माणूस मागत नाही म्हणजे त्याला नको असतं, हा आमच्या घरातला फार जुना आणि सोयीचा समज.

त्या चैत्रात त्यांच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. आधी भाकरी बंद झाली, मग भात पातळ झाला, मग आईने भाताची पेज करून तीही गाळायला सुरुवात केली. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुंबईला जायचं म्हणजे लाँचनेच. त्यांच्या दुखण्यासाठी माहेरी येऊन राहिलेली मी आणि भाऊ सोबत होतो. बाबा त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खाली बाकावर बसून गेले, उतारूंमध्ये. सुकाणूवर त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस होता. त्याने वर बोलावलं, पण बाबा गेले नाहीत. धक्का जवळ आला तेव्हा ते डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते, आणि कुठे वेग कमी करायला हवा होता ते बोटांनी बाकावर वाजवून दाखवत होते.

परत आलो तेव्हा भावाला आणि मला सगळं माहीत होतं. बाबांना आम्ही अल्सर सांगितलं. अल्सर हा शब्द त्या सीझनमध्ये आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारला गेला की शेजारची म्हातारी आपल्या गुडघ्यालाही अल्सर झालाय म्हणायला लागली. हसू येण्यासारखं होतं, आणि आम्ही हसलोही.

माझा धाकटा भाऊ नितेश, त्याचं लग्न वैशाखाच्या शेवटी ठरलेलं होतं. मुलगी रेवदंड्याची. घरातल्या मोठ्यांनी आडून आडून सुचवलं की तारीख पुढे ढकलू नका, जमलं तर अलीकडे घ्या. घरात काही बरंवाईट झालं की मंगलकार्य अडकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते उघड कुणी बोललं नाही. तारीख आठवडाभर अलीकडे आली, आणि का आली हे बाबांनी विचारलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्ही घरची माणसं एकाच दुकानात गादीवर ऐसपैस बसतात, शालू उलगडले जातात, मानपानाच्या साड्यांवरून मनं कलुषित होतात, मग थंड पेय येतं आणि मनं पुन्हा जुळतात. बाबा कधीच कुणाच्या बस्त्याला गेले नव्हते. माझ्याही नाही. नितेशच्या बस्त्याला मात्र ते सकाळीच आंघोळ करून ओट्यावर येऊन बसले. आई म्हणाली, उन्हाचं कुठे जाता. त्यांनी चपला पायात सरकवल्या.

अलिबागच्या त्या दुकानात वरच्या मजल्यावर पुरुषांचं खातं होतं. खाली बायका शालूवरून हमरीतुमरीला आल्या होत्या. वर नितेशचा सूट बघणं चाललं होतं. मुलीचा रिसेप्शनचा शालू मोरपंखी, म्हणून नितेशचा सूट काळा आणि आतलं जाकीट मोरपंखी, असं मुलीकडच्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. विकणारा माणूस बोलका होता. हल्ली तिन्ही नग एका कापडाचे कुणी घेत नाही म्हणाला. कोट-पँट एक, जाकीट वेगळं. गडद सुटावर फिकं जाकीट, फिक्या सुटावर गडद. शर्ट शक्यतो पांढरा, म्हणजे दोन रंगांचं भांडण होत नाही. जाकिटाचं सगळ्यात खालचं बटण उघडंच ठेवायचं. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं असं ऐकत होते, जसं ते हवामानाची बातमी ऐकायचे. नितेशचं झाल्यावर ते उठले, काउंटरवर हात टेकून उभे राहिले, आणि म्हणाले की आता मला दाखव.

नवरदेवाच्या बापाने घालायचे कपडे आमच्याकडे ठरलेले आहेत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हवी तर टोपी. फार तर सफारी. विकणाऱ्याने सफारीचं कापड काढलं. बाबांनी ते हाताने बाजूला केलं आणि म्हणाले, कोट. त्याने कोटाचं कापड काढलं. बाबांनी राखाडी निवडलं. मग म्हणाले, आतला जाकीट येगला पायजे. दुसऱ्या रंगाचा.

नितेश तापला. त्याचंही बरोबर होतं, लग्न त्याचं होतं, आणि खाली सासरची माणसं बसली होती. तो हळूच पण दात आवळून म्हणाला, "बाबा, नवरा मी हाय का तुमी?"

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. समोरच्या कापडांवरून हात फिरवत राहिले. निळं, मरून, बदामी, बाटलीचा हिरवा. शेवटी त्यांनी एक उचललं. दुकानदार त्याला मस्टर्ड म्हणत होता. म्हणजे मोहरीचा रंग, हळदीत थोडी माती कालवावी तसा. ते कापड त्यांनी गळ्याजवळ धरलं आणि आरशात पाहिलं. आरशात त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. मला तर त्या रंगापुढे त्यांचा चेहरा किती उतरलाय तेवढंच दिसलं, आणि मी खाली बघायला लागले.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्यासोबत रिक्षात होते. बाकीचे गाडीत बस्ता घेऊन पुढे गेले होते. मला राग आला होता. आजारी माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण तो येतोच, आणि जवळच्या माणसाला जास्त येतो. लोक काय म्हणतील, पोराचं मन कशाला दुखवायचं, एवढ्या उकाड्यात तीन कपडे घालून उभं राहवणार आहे का, असं माझं सगळं बोलून झालं. गावाच्या नाक्यावर बाबांनी रिक्षा थांबवायला सांगितली.

नाक्यावर बांबूची मोठी चौकट कायमची रोवलेली आहे. त्यावर फ्लेक्स लागतात. लग्नसराईत एका बाजूला "हळदी समारंभास आग्रहाचं निमंत्रण" आणि दुसऱ्या बाजूला "भावपूर्ण श्रद्धांजली", एकाच सुतळीने बांधलेले. वारा आला की दोन्ही एकदमच फुगतात. आमच्या डोळ्यांना याची इतकी सवय आहे की त्यात काही विचित्र वाटत नाही. त्या दिवशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स हिराजी सारंगांचा होता. बाबांचे जोडीदार. दोघांनी एकाच लाँचवर पाळ्या केल्या, एका डब्यात जेवले, एकमेकांच्या पोरांची बारशी जेवले. हिराजीकाका मुलीकडे डोंबिवलीला वारले होते, बाबांना तेव्हा जाता आलं नव्हतं. फ्लेक्सवर ते निळ्या सुटात होते, मरून टाय लावून, एक खांदा दुसऱ्यापेक्षा रुंद.

तो सूट मी ओळखत होते. तो तुम्हीही कुठल्या ना कुठल्या नाक्यावर पाहिला असेल. आमच्याकडचे पुरुष सूट घालून फोटो काढत नाहीत, आणि मेल्यावर मात्र सगळ्यांना वाटतं की आपला माणूस चांगल्या कपड्यांत दिसावा. मग फ्लेक्सवाला कॉम्प्युटरमधला एक सूट काढतो आणि आधारकार्डावरचं किंवा कुणाच्या बारशातलं डोकं कापून त्यावर बसवतो. आमच्या पट्ट्यातले कितीतरी आजोबा, काका, मामा त्या एकाच निळ्या सुटात गेले. मासेमारी करणारे, मिठागरावर राबलेले, ट्रक चालवणारे, सगळे एकाच टायमध्ये. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. थोडं हसू येई, इतकंच.

बाबा रिक्षातून उतरले नाहीत. बसल्या जागेवरून त्या फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या हिराजीला मी वलखला न्हाय, बाय. परवा इकून गेलू, कोन मेला म्हणून बघीतला, आन फुडे गेलू. मंग मागारी येऊन नाव वाचला, तवा समजला."

मी म्हटलं, असू दे, तो फ्लेक्सच वाईट छापलाय.

"मना पन त्योच निला कोट घालतील," ते म्हणाले. "म्हणून मना माझा सोताचा पायजे. आन आत दुसऱ्या रंगाचा जाकीट. तसा त्यांच्या कम्पुटरमदी नसंल."

रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याने मान वळवली आणि तो उगाच काच पुसायला लागला. मी काहीतरी अल्सरबद्दल म्हणाले असेन, कारण बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात सुकाणू धरून धरून कडक झालेला, आणि आता त्यात वजन म्हणून उरलं नव्हतं. ते म्हणाले की त्यांना ठाऊक आहे, आणि आईला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक आहे, आणि आपण आता घरी जाऊ या, कारण ऊन लागतंय. मी घरी येईपर्यंत रडले. ते शेजारी बसून होते.

त्या दिवसानंतर मी जाकिटाच्या बाजूची झाले. नितेशला मी कारण सांगितलं नाही, फक्त हट्ट धरला. शिंपी पोयनाडचा. त्याने पहिल्यांदा मापं घेतली, आणि पुढच्या आठवड्यात कच्चा कोट अंगावर चढवला तेव्हा त्याला वाटलं आपलीच टेप चुकली. त्याने पुन्हा शिवला. पुन्हा सैल झाला. कोट शेवटी सैलच राहिला, खांद्यावरून घरंगळणारा. जाकिटाचं तसं नसतं. जाकिटाला पाठीमागे पट्टी असते आणि तिला एक लहानसं बक्कल. माणूस बारीक झाला की ते ओढायचं. बाबांच्या अंगावरचं तेवढंच एक कापड त्यांच्याबरोबर लहान होऊ शकत होतं. घरी घालून बघायचे तेव्हा मी मागे उभी राहून पट्टी ओढायचे आणि ते विचारायचे, बसला का. मी म्हणायचे, बसला. दर वेळी पट्टीचं टोक थोडं आणखी बाहेर यायचं.

वैशाखाचे ते दिवस मला वासांनी आठवतात. अंगणात पिकायला घातलेल्या आंब्यांचा पेंढ्यातला वास. आईने बाबांसाठी उकळलेल्या औषधी पाल्याचा कडवट वास. शेजारच्या ओट्यावर वाळणाऱ्या सुकटीचा वास, जो बाबांना आता सहन होत नव्हता, आणि जन्मभर सुकट खाल्लेला माणूस तोंडावर पंचा धरून बसायचा. नव्या कापडाचा खळीचा वास. मांडवावर आंब्याचे टहाळे चढले, दारात हळदीच्या गाण्यांचे स्पीकर रचले गेले, आणि आमच्या भिंती दोन दिवस थरथरत राहिल्या. बाबा आतल्या खोलीत पडून होते. कुणी तरी म्हणालं आवाज कमी करा. बाबांनीच सांगून पाठवलं की वाजू दे.

हळद लागली तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. नितेशच्या अंगाला हळद लावताना त्यांचा हात घसरला आणि हळद त्याच्या डोळ्यात गेली. नितेश डोळे चोळत रडायला लागला आणि रडतच राहिला. हळद डोळ्यात गेली की पाणी येतंच, असं सगळे म्हणत होते. सगळ्यांना कळत होतं की ते पाणी हळदीचं नाही. त्या दिवसानंतर त्याने जाकिटाचा विषय काढला नाही.

लग्नाच्या संध्याकाळी मीच त्यांना कपडे घातले. शर्ट, मग जाकीट, मागची पट्टी शेवटपर्यंत ओढलेली, मग कोट. खालचं बटण मी लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. दुकानात सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. रिसेप्शनच्या स्टेजवर त्यांना राजाराणीच्या त्या सोनेरी खुर्च्यांशेजारी बसायला खुर्ची ठेवली होती, पण ते बसले नाहीत. सूट बसून चुरगळतो म्हणाले. लोक येत होते, पाकिटं देत होते, फोटोत हसत होते. बऱ्याच जणांनी बाबांकडे बघितलं आणि मग घाईने दुसरीकडे बघितलं. रेवदंड्याचे व्याही मात्र चांगले निघाले. जवळ येऊन म्हणाले, सारंग, आज तुमीच हिरो.

फोटोवाल्याला त्यांनी हाताने बोलावलं आणि एकट्याचा फोटो काढायला सांगितलं. मागचा पडदा नको, म्हणाले, साधी भिंत दिसू दे. कोट दोन्ही हातांनी थोडा उघडला, म्हणजे जाकीट दिसेल. अक्षतेचा एक पिवळा दाणा त्यांच्या कॉलरला चिकटला होता. मी झटकायला पुढे झाले तोवर फ्लॅश पडला होता. त्यांनी दोन्ही हात खाली सोडले आणि मग मात्र बसले.

ज्येष्ठ संपायच्या आत बाबा गेले. शेवटच्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. ज्यांच्या घरी असं दुखणं झालंय त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी झालेलं नाही त्यांना कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लेक्सचा प्रश्न निघाला. दशक्रियेचा दिवस कळवायचा असतो, फ्लेक्स लावावाच लागतो. नितेशने लग्नातला तो फोटो मोबाइलवर उघडला. तेव्हा मी त्याला नाक्यावरची सगळी गोष्ट सांगितली. त्याने मोबाइल आईच्या हातात दिला. आई कितीतरी वेळ बघत बसली. मग तिने बोटाने बाबांचा चेहरा झाकला, आणि म्हणाली, "ह्ये तोंड त्यांचा न्हाय. ह्ये दुखन्याचा तोंड हाय."

ती खरं बोलत होती. फोटोत सूट होता, जाकीट होतं, अक्षतेचा दाणासुद्धा होता. गालांची हाडं, आत गेलेले डोळे, कानांमागे आक्रसलेली कातडी, हे सगळं कुणा परक्याचं होतं. लाँचवरच्या बाबांना ओळखणारा एकही माणूस त्या चेहऱ्यासमोर थांबला नसता. ज्यासाठी बाबांनी एवढा खटाटोप केला, तेच होणार नव्हतं. फ्लेक्सवाला समजूतदार होता. म्हणाला, ताई, चेहरा जुना घेऊ, कपडे हेच ठेवू. सूट तर त्यांचाच राहील ना. नितेशच्या साखरपुड्यातला बाबांचा फोटो मिळाला, भरल्या गालांचा, मिशीखाली हसणारा. फ्लेक्सवाल्याने ते डोकं कापलं आणि त्यांच्याच सुटावर बसवलं. मी आजही म्हणेन की दुसरं काही करता आलं नसतं.

फ्लेक्स लागला. डोकं गळ्यावर नीट बसलं नव्हतं, कारण मान बारीक आणि चेहरा मोठा होता. दशक्रियेला आलेल्या माणसांनी त्यांना ओळखलं, लांबून ओळखलं, हे मात्र झालं. जेवणाच्या पंगतीत माझ्यामागे बसलेले दोघे बोलत होते, ते मी ऐकलं. एक म्हणाला, आता कम्पुटरमदी नवा सूट आयलाय वाटतं. दुसरा म्हणाला, रंग चांगला हाय. मी वाढत होते. भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेले.

सूट आईकडे आहे. आमच्या खाऱ्या हवेत कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, म्हणून थंडीत ती तो एकदा उन्हाला घालते. बक्कल गंजलं आहे. नितेशला तो होत नाही, आणि झाला असता तरी त्याने घातला नसता. त्याला मुलगी झाली, ती आता चालते. आजीच्या मागे मागे जाऊन ती दोरीवरच्या जाकिटाला हात लावते.

पुतण्याचं लग्न झाल्यावर मी माहेरी निघाले, आणि भावजयीच्या माहेरची माणसं बोलावत होती म्हणून वाटेत रेवदंड्याला उतरले. खाडीच्या तोंडाशी होड्या वर ओढायचं काम चाललं होतं, पावसाआधीचं. अलिबागच्या रिक्षा उभ्या राहतात तिथे, रस्त्याच्या कडेला, श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. मी सहज वर बघितलं. राखाडी कोट. मोहरी रंगाचं जाकीट. खालचं बटण उघडं. कॉलरवर अक्षतेचा दाणा, फ्लेक्सवर मोठा होऊन काजूएवढा झालेला. आणि वर कुणीतरी दुसराच माणूस, पांढऱ्या केसांचा, कपाळावर बुक्का लावलेला, माझ्या बाबांच्या गळ्यावर.

आधी राग आला, मग मला धरायला काहीतरी हवं झालं, म्हणून मी फ्लेक्सचाच बांबू धरला. एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, असा तो सूट इथवर आला असणार. आता तो सगळ्यांचा होता. बाबांच्या मानेएवढ्या कॉलरमध्ये आणखी किती जणांची डोकी बसली असतील, हे मला कळायला मार्ग नव्हता.

फ्लेक्सच्या सावलीत एक कोळीण सुकट निवडत बसली होती. पांढरं कपाळ, अंगावर जुनं लुगडं. तिने माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, कोनाला बघतंस बाय, तू यांना वलखायचीस काय. मी म्हटलं, नाही, फक्त सूट बघत होते. तिचा चेहरा जरा उजळला. तिचा नवरा होता तो. जन्मभर होडीवर होता, सूट कसा असतो ते त्याने बघितलंही नव्हतं, असं ती सांगत होती. मग सुकटीवरचा हात थांबवून म्हणाली,

"फ्लेक्सवाल्यान दोन दाखवलन. येक निला, येक ह्यो. पोरगा बोलला, निला समद्यांनाच घालतान. आपले बापाला येगला पायजे."

तिने पदराने हात पुसले, मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं, आणि मला विचारलं की त्यांना शोभतो का.

मी म्हटलं, शोभतो.